गट्टी आधी कोणी करायची?

या महिन्याच्या पत्रांतून चार निवडली आहेत. पहिल्या पत्राने नेहमीपेक्षा जास्त जागा खाल्ली आहे. त्या आईने जे विचारलंय त्यापेक्षा जे विचारलं नाही तेच मला मोठं वाटलं, म्हणून.

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. मी त्याला कधीही मारत नाही, हे आधीच सांगते. मी स्वतः लहानपणी भरपूर मार खाल्लाय, त्यामुळे ते नाही म्हणजे नाही. पण दिवसभर काम करून घरी आल्यावर त्याचा हट्ट सुरू झाला की माझा आवाज चढतो. मग मी त्याच्याशी बोलणंच बंद करते. तो मागे मागे फिरतो, "आई, बोल ना" म्हणतो. तासाभराने सॉरी म्हणाला की मी जवळ घेते. रात्री तो झोपला की ओरडल्याबद्दल फार अपराधी वाटतं. माझ्या ओरडण्याचा त्याच्या मनावर कायमचा परिणाम होईल का?

उत्तर : ताई, तुम्ही मारत नाही याबद्दल आधी शाबासकी घ्या. मार खाऊन मोठं झालेल्या माणसाला हात आवरणं किती जड जातं, ते मी रोज बघते. ओरडण्याचं म्हणाल तर अधूनमधून आवाज चढला म्हणून मुलाचं कायमचं काही बिघडत नाही. रोज उठून, पाणउतारा करत, "तू आहेसच असला" म्हणत ओरडणं वेगळं. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

मी अडखळले ते पुढच्या वाक्यावर. तुम्ही ते जाता जाता लिहून गेलात. "मग मी त्याच्याशी बोलणंच बंद करते."

अबोल्याला आपण शिक्षा म्हणून मोजतच नाही. त्यात आवाज नाही, वळ उठत नाहीत, शेजाऱ्यांना कळत नाही. त्यामुळे तो सभ्य वाटतो. पण मुलाच्या बाजूने तो कसा असतो? एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर केलेला एक प्रयोग १९७८ साली प्रसिद्ध झाला. काही महिन्यांचं बाळ आणि त्याची आई समोरासमोर बसतात. आधी नेहमीसारखा खेळ, हसणं, हुंकार. मग आईने बाळाकडे बघत राहायचं, पण चेहरा कोरा ठेवायचा. काही बोलायचं नाही, हसायचं नाही. फक्त दोन-तीन मिनिटं.

या प्रयोगाचं चित्रीकरण मी शिकत असताना पहिल्यांदा पाहिलं आणि मध्येच उठून पाणी प्यायला गेले होते. बाळ आधी हसून बघतं. ही युक्ती रोज चालते, आज का चालत नाही असा त्याचा चेहरा होतो. मग हात पुढे करतं, पुढे झुकतं, आवाज काढतं. काहीच होत नाही म्हटल्यावर मान फिरवतं. पुन्हा एकदा हळूच बघून घेतं आणि पुन्हा मान फिरवतं. मला रडण्यापेक्षा ते मान फिरवणं जास्त लागलं.

तुमचा मुलगा तान्हा नाही. त्याच्याकडे शब्द आहेत, तो तुमच्या मागे येऊन "बोल ना" म्हणू शकतो, आणि म्हणतोय ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्याच्याकडे अजून एक गोष्ट आहे जी तान्ह्या बाळाकडे नसते. तो कारणं शोधतो. आई दमली आहे, हे कारण साडेचार वर्षांच्या मुलाला सुचत नाही. त्याला सुचणारं कारण बहुधा एकच असतं, मी वाईट आहे.

आता याच प्रयोगाचा दुसरा भाग, जो सांगायला लोक विसरतात. त्या दोन-तीन मिनिटांनंतर आई पुन्हा हसू-बोलू लागते. काही बाळं लगेच खुलतात, काही जरा कुरकुरतात, आईची परीक्षा बघतात, पण बहुतेक परत येतात. पुढे ट्रॉनिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी साध्या, सुखरूप घरांतल्या आई-बाळांच्या नोंदी बारकाईने पाहिल्या. त्यांत दोघांचा सूर जुळलेला वेळ साधारण ३० टक्केच निघाला. उरलेल्या वेळात चुकामूक होते आणि पुन्हा भेट होते. चुकामूक होणारच आहे, भेट होते की नाही तेवढं बघायचं. आमच्या क्षेत्रात याला 'दुरुस्ती' म्हणतात. मला तो शब्द गळक्या नळाचा वाटतो. मुलांकडे त्यासाठी कितीतरी चांगला शब्द आहे, गट्टी.

आणि तुमच्या घरात गट्टी कोण करतं? साडेचार वर्षांचा मुलगा. तासभर मागे फिरून, सॉरी म्हणून, तो आईला परत आणतो. हे काम त्याच्या वयाचं नाही.

माझीही गोष्ट सांगते, म्हणजे मी उंचावर बसून बोलतेय असं वाटणार नाही. माझी मुलगी सहा वर्षांची असताना शाळेची बस यायला चार मिनिटं होती आणि ती बुटाची नाडी स्वतः बांधत होती. मदत नको होती तिला. दोन कान करायचे, एकातून दुसरा काढायचा, तो सुटायचा, पुन्हा पहिल्यापासून. मी बूट तिच्या हातातून हिसकावला. नाडीच्या टोकाचं प्लॅस्टिक निघून तिच्या मुठीत राहिलं. संध्याकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "सकाळी मी चुकले, पण तूही किती वेळ लावतेस गं." ती मला म्हणाली, "हे सॉरी नाहीये. हे हळू आवाजात ओरडणं आहे."

तेव्हा मला या व्यवसायात आठ वर्षं झाली होती!

त्या 'पण'ने सगळा घोटाळा केला होता. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसले. "मी तुझ्या हातातून बूट हिसकावला. तुला राग आला असेल. घाई माझी होती. उद्या आपण दहा मिनिटं आधी उठू." एवढंच. नाड्यांचा विषय पुढे आठवडाभरात आपोआप मिटला.

तुमच्यासाठी म्हणून एक करून बघा. राग डोक्यात गेला की बाजूला व्हायला काहीच हरकत नाही, उलट व्हाच. फक्त जाताना सांगून जा. "मला खूप राग आलाय. मी पाच मिनिटं खिडकीपाशी उभी राहते आणि परत येते." अबोल्यात आणि यात एवढाच फरक आहे की यात परत येण्याची वेळ ठरलेली असते. मग राग पूर्ण उतरला नसला तरी परत या. राग उरला असेल तर तसं सांगा, पण या. सॉरीची वाट बघू नका.

गट्टी म्हणजे हट्ट पुरवणं नव्हे, हेही लगोलग लिहिते, नाहीतर पुढच्या महिन्यात तेच पत्र येईल. बंद केलेला टॅब बंदच राहतो. मूल त्याबद्दल भोकाड पसरेल, तर शेजारी बसून ते पसरू द्यायचं. स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. साडेचाराव्या वर्षी त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवून चालत नाही.

जाता जाता : तुमच्या पूर्ण पत्रात घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाचा उल्लेख नाही. असेल, तर संध्याकाळचा तो तास कोणाचा, याची वाटणी नव्याने करा. नसेल, तर घरी आल्याआल्या पहिली पंधरा मिनिटं कामाला हात न लावता त्याच्याबरोबर जमिनीवर बसा. काम कुठे पळून जात नाही. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५३ साली 'पुरेशी चांगली आई' असा शब्दप्रयोग केला होता. परिपूर्ण नव्हे, पुरेशी. रात्री अपराधी वाटतंय म्हणजे तुम्ही त्या यादीत आधीच आहात. आता झोपा.

प्रश्न : माझा नातू पंचवीस महिन्यांचा आहे. पाच-सहा शब्द बोलतो, बाकी हात धरून नेतो आणि रडून मागतो. सून म्हणते डॉक्टरांना दाखवू. मी म्हणते, मुलगे उशिराच बोलतात, त्याचा बाप तिसऱ्या वर्षी बोलला. यावरून घरात धुसफूस आहे. मोबाइलवरच्या गाण्यांनी शब्द वाढतील म्हणून मी ती लावून देते. माझं काही चुकतंय का?

उत्तर : आजी, या वेळी मी सुनेच्या बाजूने. याच आठवड्यात दाखवा.

मुलगे सरासरीने थोडे उशिरा बोलतात, हे खरं आहे. पण तो फरक थोडका असतो. दोन वर्षांच्या आसपास मुलं "बाबा ये", "गाडी गेली" असे दोन शब्द जोडू लागतात. तुमच्या नातवाचं तसं नाही, म्हणून वाट बघायची नाही. त्याच्या बाबांना तिसऱ्या वर्षी वाचा फुटली, छान झालं, पण उशिरा बोलणाऱ्यांपैकी कोण आपोआप पुढे जाणार आणि कोणाला मदत लागणार, हे आधीच ओळखता येत नाही. तपासून काही निघालं नाही तर एक सकाळ गेली. निघालं तर मदत लवकर सुरू होईल.

पहिली तपासणी कानांची. "दाराची घंटा वाजली की बघतो, ऐकू येतं त्याला" असं मला जवळजवळ प्रत्येक घर सांगतं. घंटा मोठी असते हो. या वयात कानाच्या पडद्यामागे पाणी साचणं खूप सामान्य आहे. अशा मुलाला आवाज कळतो, पण आपण पाण्यात बुडी मारून ऐकावं तसं. 'स', 'फ' यांसारखी हलकी अक्षरं निसटून जातात. डॉक्टरांना अजून दोन गोष्टी सांगा. हवी ती वस्तू किंवा गंमत दिसली की तो बोट दाखवून तुमच्याकडे वळून बघतो का? आणि बोलत नसला तरी सांगितलेलं त्याला समजतं का? शब्दांच्या संख्येपेक्षा या दोन उत्तरांवरून तज्ज्ञाला जास्त कळतं. घरात दोन भाषा बोलल्या जात असतील तर कोणी एक बंद करायला सांगेल, ते ऐकू नका. दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही.

आता गाणी. पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणारी माणसं बारा वेळा खेळली, बोलली. त्या बाळांना चिनीतले वेगळे आवाज ओळखू येऊ लागले. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. ती काही शिकली नाहीत. पडदा थांबत नाही ना! बाळ "ऊं" म्हणालं तर पडदा "काय रे?" म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम, असंच म्हटलंय.

म्हणजे मोबाइलचं काम आता तुमच्याकडे आलं. तो गाडी घेऊन आला की गाडीबद्दल बोला, तुमच्या मनातल्या विषयाबद्दल नको. तो "गाडी" म्हणाला तर तुम्ही "लाल गाडी". मग गप्प बसून मनात पाचपर्यंत मोजा. पाच फार लांबतात, मला माहीत आहे. मोठ्या माणसांना दोनच्या पुढे धीर धरवत नाही आणि मुलाचा शब्द नेमका चौथ्या-पाचव्या आकड्याला यायचा असतो. "म्हण गाडी, म्हण ना गाडी" हे मात्र पूर्ण बंद. आपल्याला कोणी "बोला, बोला" केलं तर आपलीही बोबडी वळते.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, सुंदर चित्रं काढते. सगळे "किती हुशार" म्हणतात. अलीकडे एखादी रेघ चुकली की कागद फाडते. परवा पूर्ण वही टराटरा फाडली. नवीन काही करून बघ म्हटलं तर नको म्हणते. मी कौतुकात कमी पडतोय का?

उत्तर : कमी नाही, जरा जास्तच झालंय. आणि चुकीच्या जागी.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत केलीस" म्हटलं. पुढे अवघड कोडी आल्यावर हुशार म्हटलेली मुलं लवकर खचली. अनोळखी मुलांना आपले गुण लिहून कळवायचे होते, त्यात या गटातल्या दहापैकी जवळपास चार मुलांनी गुण खोटे सांगितले. मला त्यातलं हे खोटं सांगणंच विसरता येत नाही. हुशार ही पदवी एकदा मिळाली की ती सांभाळावी लागते. तुमची मुलगी कागद फाडते तेव्हा पुरावा फाडत असते.

मात्र या अभ्यासावरून पुढे जो 'मेहनतीचं कौतुक करा'चा मंत्र निघाला, त्याच्यावर माझा फारसा जीव नाही. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत अशा उपायांचे परिणाम लहानच निघाले. शिवाय मुलांना मंत्र लगेच ओळखू येतो. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाने आईला सांगितलं होतं, "मी काहीच मेहनत केली नव्हती, तू उगाच बोलतेस."

त्यापेक्षा चित्राकडे बघा. हुशारीकडे नको, मेहनतीकडेही नको. "या झाडाची सावली डावीकडे कशी काय?" असं विचारा आणि उत्तर ऐका. ती सांगेल, कदाचित पंधरा मिनिटं सांगेल. आणि तिच्याबरोबर बसून तुम्ही स्वतः चित्र काढा. पत्रावरून वाटतं तुम्हाला ते येत नसावं, म्हणजे उत्तमच. माझा घोडा आजही टेबलासारखा दिसतो. चुकलेली रेघ खोडू नका, तिचं दुसरं काहीतरी करा, शेपटीची वेल करा, हसा. वडिलांचं चित्र बिघडतं आणि तरी ते खुर्चीतून उठत नाहीत, हे तिला दिसू द्या. वही फाडली त्याबद्दल बोलणी खायला लावू नका. चिकटपट्टी आणून तिच्या हाताशी ठेवा. फाडाफाड पुढच्या दोन महिन्यांत कमी झाली नाही, किंवा अभ्यास, झोप, मैत्रिणी यांतही तसंच होऊ लागलं, तर एखाद्या बालमानसतज्ज्ञाला भेटा.

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची. काळजीपोटी मी तिचा मोबाइल उघडून मैत्रिणींशी झालेलं बोलणं वाचलं. काही वावगं नव्हतं. तिला कळलं. तीन आठवडे झाले, माझ्याशी कामापुरतं बोलते, खोलीचं दार लावून बसते, रात्री बारापर्यंत जागते. तिला बोलतं कसं करू?

उत्तर : बोलतं करायचा विचार तूर्त सोडा. आधी तुम्ही बोला. पहिल्या पत्रातलं 'पण' आठवतंय ना? "मी तुझा मोबाइल न विचारता वाचला, पण काळजी वाटली म्हणून" हे चालणार नाही. काळजीचं नंतर कधीतरी सांगा, वेगळ्या दिवशी. आज एवढंच, की वाचला, चूक झाली, पुन्हा न विचारता उघडणार नाही. मोबाइलचे नियम काय असावेत ते दोघांनी बसून ठरवू, असं सांगा आणि खोलीतून बाहेर पडा. ती "ठीक आहे" म्हणेल किंवा काहीच म्हणणार नाही. तीन आठवड्यांचा राग तीन मिनिटांत गेला तर मलाच आश्चर्य वाटेल.

या वयातलं बोलणं समोरासमोर बसून होत नाही. गाडीत शेजारी बसून होतं, कपड्यांच्या घड्या घालताना होतं, हातात दुसरं काहीतरी काम असताना होतं. डोळ्यांत डोळे घालून "सांग बघू" म्हटलं की संपलं.

जागरणाचा थोडा भाग तिच्या हातात नाही. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते. गरज मात्र आठ ते दहा तासांचीच असते. मोबाइल रात्री सगळ्यांचेच बाहेरच्या खोलीत ठेवायचे, असा नियम करा. सगळ्यांचेच म्हणजे तुमचाही.

बंद दाराची मला फारशी भीती वाटत नाही. पण मैत्रिणीही तुटल्या, आवडीच्या गोष्टी सुटल्या, जेवण उतरलं, "मी नसलेलीच बरी" असं काही तोंडून निघालं किंवा अंगावर जखमा दिसल्या, तर थांबू नका. सरळ विचारा, "स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्याने ते मनात भरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलं सांगतात. उत्तर हो असेल तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

तसं काही नसेल, तर आजपासून तिच्या दारावर टकटक करा आणि आत जाण्याआधी उत्तराची वाट बघा. "काय आहे?" असं त्रासून आलं तरी ते उत्तर धरा. नियम दोघांनी मिळून काय ठरवले, ते मला जरूर कळवा. तिची हरकत नसेल तरच.